हात खिशात ठेवून

३ फेब्रुवारी, सोमवार

नाही म्हणजे नाही. फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं आणि ठेवून दिला.

लेक चाळिशीला आली, लग्न नको म्हणाली — ठीक. बापाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवते, हात काळे करून घेते — तेही ठीक, मी कधी तोंडातून शब्द काढला नाही. (काढला असेल एखादा.) पण आता हे! मूल दत्तक घ्यायचंय. बरं, घे. मी काय नको म्हणते का? पण हिला धडधाकट नको, हीच पाहिजे. पाच वर्षांची मुलगी, डावी बाजू ताठ, झटके येतात, बोलणं जेमतेम. फोटो पाहिला आणि बाईसाहेबांचं ठरलं.

ह्यात मी कुठे आले? तर एकट्या बाईला मूल घ्यायचं असेल तर उद्या तिचं काही बरंवाईट झाल्यास मुलीला कोण सांभाळणार, हे घरातल्या कुणीतरी सरकारी साहेबांपुढे येऊन सांगावं लागतं म्हणे. "तू हो म्हणालीस तरच पुढे सरकेल, आई." दादाला विचार, म्हटलं. तर म्हणाली, दादा-वहिनी लांब, त्यांचे व्याप त्यांना कमी आहेत का!

म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर अडलंय. मग माझा शब्द — नाही.

मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझा जन्म गेला. अशी मुलं पाहिली, आणि त्यांच्या आयाही पाहिल्या. मुलं एकवेळ हसतात तरी. आयांचे चेहरे मला अजून आठवतात. खाटेशेजारच्या त्या स्टुलावर मला माझी लेक बसलेली नको आहे. एवढंच. ह्यात माझं काय चुकलं?

४ फेब्रुवारी

तिचा फोन नाही. मीही केला नाही. बघू कोण आधी वाकतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीच आली. दुपारी, दुकान बंद करून. माझं मशीन कुरकुरतंय असं मी मागे कधीतरी म्हटलं होतं, ते निमित्त. आल्या आल्या झाकण काढून बसली आणि मुलीचे दवाखान्याचे कागद माझ्यापुढे सरकवले. मुद्दाम! तिला ठाऊक आहे, असले कागद समोर आले की मी वाचल्याशिवाय राहत नाही.

वाचले. जन्मतः गुदमरलेली, मग काचेच्या पेटीत, मग छातीत कफ, पुन्हा दवाखाना, मग झटके, पुन्हा दवाखाना. घरापेक्षा दवाखान्यातच जास्त राहिलेली दिसते. म्हणजे — घर तर नव्हतंच म्हणा.

मग मी बसवून सगळं सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही. पाय आखडत जाईल, ऑपरेशन लागेल. औषध एक दिवस चुकलं तर काय होतं, झटका आला की काय काय करायचं. वयात आल्यावर काय होतं. ती म्हातारी होईल तेव्हा तू कुठे असशील, आणि मी तर नसेनच. ती ऐकत होती. मध्ये मध्ये तेलाचा थेंब सोडून चाक फिरवून बघत होती. असा राग आला! मी काय रेडिओ आहे?

शेवटी हात पुसत म्हणाली, "आई, तू कागद वाचलेस. आता तिला बघ. मीसुद्धा अजून पाहिलेली नाही. दोघी जाऊ. बघून मग नाही म्हण."

नाही म्हणायलाच जायचंय तर काय हरकत आहे. हो म्हटलं. जाण्यापुरतं.

मशीन आता लोण्यासारखं चालतं.

८ फेब्रुवारी

उद्या जायचं. काय न्यायचं असतं? नाही म्हणायला जाताना खाऊ नेतात का? बिस्किटांचा पुडा आणला, पिशवीत ठेवला, काढला, परत ठेवला. कपड्यांना इस्त्री केली. कडक. हाताला तीच सवय आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहिते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

 बसमध्ये लेक नखाखालचं काळं दुसऱ्या नखाने काढत होती. म्हटलं, एवढी कसली घाबरतेस, लग्नाला उभी राहिलीस का? हसलीसुद्धा नाही.

संस्थेची खोली लांबट. भिंतीला कमरेइतका हिरवा तेलरंग, लहान मुलांच्या खुर्च्या, एका खिडकीची कडी मोडलेली, ती दोरीने बांधलेली. लादी नुकतीच पुसलेली. आम्ही त्या एवढ्याशा खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. संस्थेतल्या ताई — मुलांचं सगळं त्याच बघतात — म्हणाल्या, घेऊन येते आमच्या भिंगरीला. भिंगरी! चवड्यावर चालणाऱ्या पोरीला भिंगरी म्हणायचं, ही कुणाची अक्कल?

दार उघडलं. ताईंच्या बोटाला धरून आली.

आणि माझं लक्ष गेलं ते थेट पायाकडे. डावी टाच टेकत नव्हती. लेक खुर्चीतून उठत होती, तिच्या तोंडावर काहीतरी येऊ घातलं होतं — ते मी पाहिलंच नाही, मला आता वाटतंय की मी ते पाहायला हवं होतं. तिच्या आधी मी उठले. खटखट चालत गेले. उकिडवी बसले, टाच हातात घेतली, वर दाबून पाहिली — ताठ. मूठ उघडली, अंगठा आत. डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त बघितलं — कमी. सगळं कसं सराईत. पोरीने हूं का चूं केलं नाही.

मग तिने उजवी बाही दातात धरली. डावा हात चालत नाही, म्हणून दातांनी. कोपराच्या वर ओढली, हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, मान भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटून घेतले. थांबली.

सुईसाठी. कुणी काही सांगितलं नव्हतं.

आणि माझ्या तोंडून काय जावं? "शाब्बास! शहाणी मुलगी!"

सवयीने गेलं. वॉर्डात हजारदा म्हटलेलं. ताई बघतच राहिल्या. लेक पुढे आली, खाली बसली आणि हळूच ती बाही खाली केली. पोरीने ती पुन्हा दातांनी वर ओढली. सुई टोचल्याशिवाय संपत नाही हे तिला माहीत, आणि सुई तर येईना. किती वेळ ती तशीच हात पुढे करून थांबली. मग रडायला लागली. न टोचल्याचं रडणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

ताईंनी तिला आत नेलं. भेट संपली.

बसमध्ये लेक खिडकीबाहेर बघत होती. उतरायच्या आधी म्हणाली, "तू तिला तपासलंस, आई. भेटली नाहीस." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

बिस्किटांचा पुडा तसाच परत आला.

१० फेब्रुवारी

शहाणी मुलगी. सकाळपासून तेच. दोनदा चहा उतू गेला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पण टाचेचं माझं बरोबरच होतं! पट्टा लावायलाच हवा, आत्ता, नाहीतर वर्षभरात पाय वाकडा होईल. रक्तही कमी. संस्थेतल्या कुणाच्या लक्षात आलं होतं का? मी डोळे मिटून बसायला हवं होतं की काय? माणूस जे जाणतं ते त्याला दिसणारच.

हे सगळं लेकीला फोन करून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पट्ट्याचं कुणाला विचारायचं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, रविवारी दुसरी भेट आहे, यायचं तर ये, पण हात खिशात ठेवून.

हात खिशात! मला! ज्या हातांनी अख्ख्या गावाची पोरं वाचवली! फोन आपटला.

१३ फेब्रुवारी

माझ्या एकाही कपड्याला खिसा नाही. जुन्या कोटाला आहेत. एकाला भोक आहे, शिवून घेतलं. जायचं ठरवलेलं नाही. भोक होतं म्हणून शिवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेले. कोट घालून, हात खिशात, उकडून जीव जात होता.

भिंगरी दारात आली. मला पाहिलं. हात खिशात होते माझे! तरी ताईंच्या मागे सरकली आणि बाही दातात. मी उठले आणि बाहेर व्हरांड्यात बाकावर जाऊन बसले. आपण नको असलेल्या ठिकाणी किती वेळ बसायचं हे मला कळतं.

दाराला काच आहे. काचेतून बघत बसले. वॉर्डाबाहेर नातेवाईक बसतात तशी. किती जणांना मी हाकललं असेल, गर्दी करू नका म्हणून. बसून बसून पाठीला काय रग लागते ते आज कळलं.

लेकीने काही म्हणजे काही केलं नाही. पिशवीतून मशीनची रिकामी रिळं काढली, जमिनीवर मांडली आणि स्वतःच खेळायला लागली. पोरीकडे बघेचना. दुकानातही ती अशीच — आलेलं मशीन लगेच उघडत नाही, आधी नुसती बसून राहते त्याच्यापुढे. मला वाटायचं आळस आहे. बऱ्याच वेळाने एक रीळ घरंगळत पोरीच्या पायाशी गेलं. तिने चवड्याने ढकललं. परत आलं. परत ढकललं. मग तिने उजव्या पायावर एक गिरकी घेतली, डावा पाय हवेत! खरंच भिंगरी. माझा हात खिशातून बाहेर आला होता, काचेवर. परत आत घातला.

ताई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, दवाखान्यातून आलेल्या पोरांना बूट वाजवत भरभर चालणाऱ्या बायका आल्या की तसंच होतं. "तुमच्या चालीनंच ओळखलं तिनं तुम्हाला."

रिटायर होऊन किती काळ लोटला. चालीतून सिस्टर अजून गेली नाही.

१९ फेब्रुवारी

घरात हळू चालायचा सराव. अनवाणी. दुधापर्यंत पोचेस्तोवर दूध बाहेर. समोरचीने विचारलं, गुडघे धरले का हो? म्हटलं, हो, धरलेत. काय सांगणार, चालायला शिकतेय म्हणून?

२१ फेब्रुवारी

लेक म्हणाली, "पण आई, तू तर नाही म्हणणार आहेस ना? मग सराव कशाला?"

म्हटलं, नाही म्हणायचं तरी पोरीला रडवून कशाला म्हणू.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज कोट नाही, बूट दाराबाहेर काढले. भिंगरी यायच्या आधीच जमिनीवर जाऊन बसले, दाराकडे पाठ करून. खाली बसताना गुडघ्यांनी असा आवाज केला की लेक दचकली. वर कसं यायचं ते नंतर बघू, म्हटलं.

पावलं ऐकू आली. एक पूर्ण, एक अर्धं. एक पूर्ण, एक अर्धं. थांबली. मी वळले नाही. लेकीने रिळं मांडली. मी वळले नाही. एवढा वेळ काहीही न करता मी शेवटची कधी बसले होते, आठवत नाही. हात मांडीखाली दाबून ठेवले होते, मुंग्या आल्या.

मग मानेवर श्वास. गरम. आणि माझ्या अंबाड्यातली पिन हलली.

एक काढली. टाकली, टिचकन आवाज आला. तो आवडला असावा. दुसरी काढली. एका हाताने, केस ओढत, दुखवत! डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून आणि नुसतंच. अंबाडा सुटला, पांढरे केस पाठभर, आणि ती हसली. असं गुरगुरल्यासारखं हसते, घशातून. सगळ्या पिना लादीवर. लेक समोर बसून तोंडावर हात घेऊन हसत होती. तिला असं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

हे गेल्यापासून माझ्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

मी शेवटपर्यंत वळले नाही. तिचा चेहरा मी आज पाहिलाच नाही. परत येताना सगळ्या बसमध्ये माझेच केस मोकळे.

२४ फेब्रुवारी

पिना कमी पडल्या. नव्या आणल्या. जास्तच आणल्या.

२ मार्च, रविवार

आज अक्षर बघवत नाही.

पिनांचा खेळ झाला होता. आज ती माझ्या मांडीच्या कडेला टेकली होती, पूर्ण नाही, अर्धी. मी तिच्याकडे बघू शकत होते. उजव्या गालावर एक बारीक व्रण आहे, नाक बसकं, पापण्या लांब. ती ओठ चाटायला लागली. नजर खिडकीच्या त्या दोरीवर, आणि तिथेच राहिली.

मला कळलं. सगळ्यांच्या आधी मला कळलं. पुढे काय होणार आणि काय करायचं ते मी झोपेत सांगेन — कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याशी सैल करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. किती नव्या सिस्टरांना मी हे शिकवलं असेल, चुकल्या तर रडेपर्यंत बोलले असेन.

तिचं अंग ताठ झालं आणि उडायला लागलं. आणि माझे हात चालेनात.

नाहीच चालले! मांडीवर पडून राहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. कुणीतरी "ताई! ताई!" म्हणून ओरडत होतं, ती मीच होते. लेकीने तिला माझ्यापासून अलगद ओढून घेतलं, कुशीवर केलं, स्वतःचा स्वेटर डोक्याखाली सारला, गळ्याचं बटण काढलं, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. आवाज अगदी खाली. "मी आहे. होऊ दे. मी आहे." एकही गोष्ट चुकली नाही. आणि मी भिंतीला टेकून रडतेय, तोंडात दुसरं काही नाही — माझी पोर, माझी पोर, माझी पोर.

थांबलं. झोपली. ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

कागदावर मी काय आहे? रिटायर्ड सिस्टर, मुलांचा वॉर्ड. त्याच भरवशावर मला आणलं असणार. आणि वेळ आली तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून भोकाड पसरून बसली. साहेब हेच विचारणार — लेकीच्या माघारी ही सांभाळणार?

पंधरा दिवसांपूर्वी मला हेच तर हवं होतं. आता नको आहे. मला ती हवी आहे. लिहून टाकते एकदाचं. हवी आहे.

३ मार्च

लेकीला विचारलं, माझ्यामुळे अडेल का गं? तिने मान खाली घालून स्क्रू पिळला. म्हणाली, बघू. तिच्या तोंडून सरळ उत्तर येत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. ताईंनी वर कळवलं असणार.

जेवण गेलं नाही.

५ मार्च

शुक्रवारी साहेबांकडे. आरशापुढे म्हणून पाहिलं — "माझ्या लेकीचं काही झालं तर मी सांभाळेन. त्या दिवशी हात चालले नाहीत, हे खरं आहे. परकी पोर असती तर चालले असते." हे दुसरं वाक्य सांगावं की नको? खरं आहे, पण साहेब लोकांना असलं कळतं का? सांगणार. रडायचं मात्र नाही.

७ मार्च, शुक्रवार

सगळं झालं, आणि मला कुणी काही विचारलंच नाही. साहेबांनी लेकीशी बोलून सह्या घेतल्या, पोर आमच्या हवाली केली, अभिनंदन म्हणाले. मी उभीच. म्हटलं, साहेब, माझं राहिलं. लेकीच्या माघारी सांभाळण्याचं. ते म्हणाले, "आजी, ती जबाबदारी तुमच्या मुलाने-सुनेने केव्हाच घेतलीय, अर्ज केला तेव्हाच. तुमच्या वयाच्या माणसाचं त्यात धरतही नाहीत."

लेकीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

बसमध्ये विचारलं. म्हणाली, "नुसतं बघायला चल म्हटलं असतं, तर तू आली असतीस?"

बापरे, काय काय बोलणार होते मी तिला! अख्खा वॉर्ड मला टरकून असायचा, आणि ह्या कार्टीने मला महिनाभर नाचवलं. पण भिंगरी माझ्या मांडीवर झोपली होती, आवाज कसा चढवणार.